मॉनिटरच्या शेजारची जागा

चौथीच्या वर्गात कोण मोठं, कोण छोटं, हे मॉनिटरच्या शेजारी कोण बसतं त्यावर ठरायचं. ती जागा बिट्टीची होती. मग कमरेखाली लोंबणारी वेणी घेऊन एक नवी मुलगी आली, आणि मधल्या सुट्टीत मॉनिटर तिची वेणी सोडायची नि पुन्हा घालायची. बिट्टीला कुणी विचारेना.

त्याच आठवड्यात आईने बिट्टीचं डोकं फणीने विंचरलं, तर कागदावर टपाटपा उवा पडल्या. "कुठे बोलू नकोस हं," आई म्हणाली. "औषध लावलंय, जातील."

बिट्टी बोलली, पण दुसऱ्याच डोक्याबद्दल. "वेणीवालीला उवा झाल्यात," ती मॉनिटरच्या कानाशी लागली. "मी डोळ्यांनी पाहिल्या." मॉनिटरने झटकन हात मागे घेतला. शाळा सुटेपर्यंत वर्गभर झालं. वेणीवालीजवळ कुणी बसेना, तिने धरलेला खडू कुणी उचलेना. बिट्टी आपल्या जागेवर परतली. काय मिरवली ती त्या दिवशी!

सोमवारी वेणीवाली डोक्याला रुमाल बांधून आली. कुणीतरी मागून तो खेचला. रुमालाखाली डोक्याचा तुळतुळीत गोटा! मॉनिटर खो खो हसली, तसा वर्ग हसला. बिट्टीनेही तोंड उघडलं, पण हसूच फुटेना. कानशिलं नुसती तापली.

मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन वेणीवालीच्या बाकावर गेली. वेणीवाली घाईघाईने भिंतीकडे सरकली.

"लांब बस गं. तुला होतील."

"तुला नव्हत्याच."

"होत्या. सगळे म्हणत होते ना! आईला एकही सापडली नाही, पण मीच हट्ट करून केस काढायला लावले."

बिट्टीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझ्या डोक्यात होत्या," ती म्हणाली. "मी तुझं नाव सांगितलं."

आवाज जरा मोठाच निघाला असावा. पुढच्या बाकावरून मॉनिटरने वळून पाहिलं आणि आपल्या शेजारच्या जागेवरचं बिट्टीचं दप्तर पायाने खाली ढकललं.

वेणीवाली रडली नाही, भांडली नाही. रुमाल सारखा करत तिने एवढंच विचारलं, "मग तू केस का नाही काढलेस?"

बिट्टीच्या दोन्ही वेण्या खांद्यावरून पुढे लोंबत होत्या. त्या कुठे लपवाव्या, तेच तिला कळेना.