पऱ्हाटीचे उपयोग

दहाला पाच मिनिटे असताना देवानंदने मोटारसायकल कडुलिंबाखाली उभी केली, हँडलचा डबा काढला आणि शाळेच्या पायरीवर बूट आपटून धूळ झाडली. जानराव शिपायाने घंटा दिली. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. सातवीच्या फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी सुवाच्य अक्षरात कालची तारीख आणि पट लिहून ठेवला होता: एकूण त्रेचाळीस, हजर एकोणचाळीस. देवानंदने हजेरी घेतली, पेनाला टोपण लावले आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवले.

"काल नव्हते ते उभे राहा."

चौघे उभे राहिले. शेवटच्या वेचणीला घरच्यांनी नेलेली मुले होती ती. त्यांत दुसऱ्या ओळीतली रेणुकाही होती.

"काड्या."

रेणुकाच निघाली. पाणी भरणे, फळा पुसणे तसे काड्या आणणे हे तिचे काम वर्षभर वर्गाने गृहीत धरले होते. शाळेमागे खिचडी शिजवायला पऱ्हाटीचा ढीग लावलेला असे. कापूस वेचून झाल्यावर उपटलेली, वाळून कडक झालेली, बोटाएवढ्या जाडीची झाडे. तिने चार काड्या आणून टेबलावर ओळीने ठेवल्या.

पहिला अकील.

"सर, अब्बानंच नेलं. मी नाई म्हणत होतो."

"हात पुढे कर बे."

काडी खाडकन वाजली आणि मधोमध मोडली. शेंडा उडून खिडकीच्या गजावर आपटला. अकीलने छप्पर हलेल अशी बोंब मारली आणि हात काखेत दाबला. हातात उरलेले बुडखे देवानंदने त्याच्या पोटरीवर हाणले. दुसऱ्या मुलावर दुसरी काडी मोडली, तिसऱ्यावर तिसरी.

"बीटीची पऱ्हाटी," तो तुकडे लाथेने भिंतीकडे सारत म्हणाला, "दिसाले जाड, अंगात दम नाई."

मागच्या बाकावर एका मुलीने हसू दाबायला ओढणीचे टोक तोंडात कोंबले.

चौथी काडी रेणुकाची. ती मोडली नाही. चार फटके बसले. चौथ्याला तिचा तळवा आपोआप मिटला, तेव्हा त्याने बोटे काडीच्या टोकाने उघडली आणि पाचवा दिला. ती ओरडली नाही. जागेवर जाऊन तिने डाव्या हाताने वही उघडली.

देवानंदला यात वावगे वाटत नव्हते. त्याच्या बापाने, पंजाबरावांनी, त्याला गावरान पऱ्हाटीने बडवले होते, पाठीवरचे वळ आठवडाभर निळे राहत. त्यातूनच आपण बी.ए. झालो, बी.एड. झालो, असे तो सांगत असे आणि मनापासून मानत असे. गावात बीटी कापसाचे हे चौथे वर्ष होते. लाल्या रोगाने पाने लाल होऊन बोंडे गळाली तसे मजुरीला माणूस लावणे लोकांना जमेना, आणि एकेक घर पोरांना वावरात नेऊ लागले. शाळा सुटली की ही मुले जन्मभर वाकलेलीच राहतील, या भीतीने तो मारत होता. मारताना मात्र भीती आठवत नसे, नुसता हात चालत असे.

चार वाजता खुर्शीदा मॅडम आल्या. त्या बुलढाण्याच्या एका बी.एड. महाविद्यालयात शिकवत, माहेर जळगाव जामोदचे. खेड्यातल्या बुद्धिमान मुलांची सर्जनशीलता आणि त्यांचे शिकणे हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. महिन्यापूर्वी त्यांनी सातवीची चाचणी घेतली होती. मूळ चाचणीत 'वर्तमानपत्राचे जास्तीत जास्त उपयोग लिहा' असा प्रश्न होता. इथे कुणाच्या घरी वर्तमानपत्र येत नाही हे पाहून त्यांनी तो शब्द खोडला आणि पऱ्हाटी लिहिले.

त्यांनी गठ्ठा शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर सोडला.

"साडेपाचच्या चिखलीच्या गाडीनं जायचंय सर, लवकर आटपू. सदतीस पेपर. जळणासाठी, एक सोडून सगळ्यांनी. मारण्यासाठी, तेहेतीस जणांनी."

देवानंद हसला. "पोरं हायेत मॅडम. जे दिसते ते लिहितात."

"हो. म्हणून त्याला गुण नाहीत. जे सगळ्यांनाच सुचतं त्याला नवेपणाचा शून्य." त्यांनी एक पेपर वेगळा काढला. "ही रेणुका मात्र अडचणीची आहे. बाकीच्यांनी दहा-बारा उपयोग लिहिले, हिनं एकच. पण मागचं पान वाचा."

समोरच्या पानावर एकच ओळ होती: मोडण्यासाठी. देवानंदने पान उलटले.

'काडीचे बूड दोन वीत सोडून साल अलगद सोलावी. आतले लाकूड ब्लेडने गोल कोरावे पण पूर्ण नाही. साल परत गुंडाळून बाभळीच्या डिंकाने चिकटवावी व सावलीत वाळू द्यावी. पहिल्याच फटक्याला मोडते. काडी खूप वाळलेली घ्यावी म्हणजे आवाज मोठा होतो. आवाज मोठा झाला की मारणाऱ्याला वाटते की लागले. मार खाणाऱ्याने पण ओरडावे. सगळ्याच काड्या मोडल्या तर संशय येतो, म्हणून मधूनमधून एक चांगली द्यावी. ती मी माझ्यासाठी ठेवते. मी वेचणीला गेले त्या दिवशी काडी दुसऱ्याने आणली आणि आसिमचे बोट मोडले. मी आधीच करून ठेवायला पाहिजे होत्या. आता ठेवते.'

देवानंदने ते पुन्हा वाचले. जानरावाने चहा आणून ठेवला आणि तो गेला.

सतरा नोव्हेंबर. त्या दिवशी काडी मोडली नव्हती. सहाव्या फटक्याला आसिमने हात फिरवला आणि काडी बोटांच्या सांध्यांवर बसली. आवाज वेगळा आला होता. तो देवानंदने ऐकला होता, आणि तरीही त्याने आणखी दोन मारले होते. कारण पोराने हात फिरवला होता. मग स्वतःच त्याला मोटारसायकलवर घालून चिखलीला नेले, बोट बांधून आणले आणि त्याच्या आजाला, फकीर मोहम्मदला, हातपंपावर पडला म्हणून सांगितले. आसिम शेजारी उभा होता. म्हाताऱ्याने खांद्यावरच्या रुमालाने सरांच्या मोटारसायकलची सीट पुसली होती. "तुमचंच पोरगं हाय सर," म्हणाला होता. बोट वाकडेच जुळले.

"मारणारा कोण, ते हिनं लिहिलं नाही," खुर्शीदा मॅडम म्हणाल्या. "मी विचारलं, घरी मारतात का? तर नाही म्हणे. मग कोण? तर म्हणते, मॅडम, ते प्रश्नात नव्हतं."

"हुशार हाये," देवानंद म्हणाला.

"तेच ठरवायचंय." त्यांनी पेपरला टाचलेला कागद सरळ केला. 'विद्यार्थ्याने ही कल्पना प्रत्यक्ष वापरल्याची वर्गशिक्षकाला खात्री आहे काय? हो / नाही. कशावरून?' खाली सहीची जागा होती. "मनानं रचलं असेल तर ते एकच उत्तर धरावं लागेल, आणि ती गळेल. खरं असेल तर माझ्याकडच्या चारशे पेपरांत असा दुसरा नाही. जिल्ह्यातून वीस मुलं घेतेय. आठवीपासून दहावीपर्यंत बुलढाण्याला, वसतिगृहात."

रेणुकाची आई अन्नपूर्णाबाई दिवाळीतच सांगून गेली होती: सातवी झाली की बस झालं सर, जूनपासून माह्यासंग कामाले. हे देवानंदला ठाऊक होते. 'नाही'वर खूण केली की कुणीही काही विचारणार नव्हते, हेही ठाऊक होते.

"हा कागद कोण वाचते?"

"मी. माझे मार्गदर्शक. आणि निवड झाली तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात प्रत जाते."

"पाच मिनिटं," तो म्हणाला. "पाहून येतो."

शाळेमागे ऊन ढिगाच्या पाठीवर आले होते. तो गुडघ्यांवर बसला आणि भिंतीकडच्या फटीत हात घातला. खताच्या रिकाम्या पिशवीत काड्या होत्या. त्याने मोजल्या नाहीत. एक काढली, दोन वितींवर अंगठा फिरवला. डिंकाची बारीक धार नखाला लागली. अंगठा त्यावर ठेवला नसता तर ती कधी कळली नसती.

आजूबाजूला कुणी नव्हते. त्याने डावा हात पसरला आणि उजव्याने, पोरांना मारायचा तसाच, पूर्ण जोराने मारला. काडी फटाक्यासारखी वाजली. कडुलिंबावरचे कावळे उडाले. तळव्यावर एक लालसर रेघ उमटली आणि तो पाहत असतानाच फिकट झाली. मग त्याने ढिगातली साधी काडी उपसली आणि तिने मारले. तिसऱ्या फटक्याला त्याच्या डोळ्यांत पाणी आले. पाचवा त्याला मारवला नाही.

पिशवी होती तशी त्याने फटीत परत सारली.

खोलीत येऊन त्याने उभ्यानेच 'हो'वर खूण केली. 'कशावरून?' पुढे जागा थोडी होती, म्हणून अक्षर लहान काढले: 'मारणारा मी आहे. तिच्या काड्या वर्षभर माझ्या हातात मोडल्या. दि. 17 नोव्हेंबरला ती गैरहजर होती. आसिमचे बोट माझ्या हातून मोडले. हातपंपावर पडल्याचे मी सांगितले, ते खोटे आहे.' खाली सही केली, पूर्ण नाव लिहिले, हुद्दा लिहिला. डावा हात टेबलावर टेकवता येत नव्हता, म्हणून कागद घडीघडीला सरकत होता. खुर्शीदा मॅडमनी एक बोट ठेवून तो धरला.

तो लिहीत असताना त्यांना उलटे वाचता आले असणार. कागद त्यांनी पेपरांच्या मध्ये घातला, गठ्ठ्याला दोरी बांधली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

"गाडीपर्यंत सोडतो," तो म्हणाला.

"नको. तुम्हाला दुसरीकडे जायचं असेल."

मोटारसायकल रस्त्याला लागली तेव्हा साखरखेर्ड्याकडून परतणारे बैल धूळ उडवत येत होते. त्याच्या घराचा रस्ता उजवीकडे होता. तो डावीकडे वळला. मशिदीपलीकडच्या तिसऱ्या अंगणात फकीर मोहम्मद खाटेवर बसून वख्खराच्या लोखंडी पासेला धार लावत होता. सरांना पाहताच तो लगबगीने उठला, पास खाली ठेवली आणि खांद्यावरच्या रुमालाने खाट झटकली.

"या सर, बसा. आसिमनं काही केलं का?"

देवानंद बसला नाही.