तिकडचा कायदा

साडीच्या खांद्यावरची ती पिन... वेबसाईटवर कुणीतरी टाकलेला तिचा फोटो मोबाईलवर मोठा केला की स्पष्ट दिसत होती, आणि सत्यशीलाची नजर सकाळपासून तिथंच अडकली होती. वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेत हाच फोटो छापला होता, पण गळ्यापर्यंतच. म्हणजे पुस्तिकेतून कुणी उचलला असता तर पिन आलीच नसती — पूर्ण फोटो होता फक्त धाकट्या भावाच्या, सिद्धोधनच्या मोबाईलमध्ये. झरी गावातल्या घरात, तिला भिंतीशी उभं करून, त्यानंच काढलेला.

तोच भाऊ आता परभणीला, पोलिसांच्या सायबर कक्षात, मोबाईल मांडीवर उपडा ठेवून तिच्या शेजारी बसला होता. वेबसाईटवर फोटोखाली तिचा नंबर होता आणि 'मैत्रीसाठी केव्हाही फोन करा'. आठवडाभर नाही नाही त्या माणसांचे फोन येत होते. ती शिकवायची त्या शाळेत मुख्याध्यापकही नजर चुकवायला लागले होते.

"साईट भायेरच्या देशातली हाय, मॅडम," हवालदार महारुद्र म्हणाले. "नोंदणी तिकडं, सर्व्हरची मशीनबी तिकडं. काढा म्हणून आपण लिवू, पण ते तिकडचाच कायदा दाखवत्यात. लय येळ लागतो."

"फोटो माझा, नंबर माझा, अन् कायदा त्यांचा?" तिचा आवाज चढला.

"जाऊ दे ताई," सिद्धोधन घाईनं म्हणाला. "नंबर बदलू. उगं कशाला..."

ही घाई कसली? साता समुद्रापारचा चोर शोधायला आपण निघालो, आणि काखेत कळसा, गावाला वळसा तर नव्हे ना... मेळाव्यानंतर आलेलं स्थळ तिनं नाकारलं, तेव्हा हा दोन दिवस बोलला नव्हता. थोरली घरात बसली की धाकट्याचं लग्न अडतं, असं चुलती त्याच्यादेखत म्हणाली होती — पण हाच तो, ज्याला तिनं बोट धरून शाळेत नेलं होतं. छे! मोबाईल एखाद्या मित्रानं घेतला असेल... मग उपडा का ठेवलाय?

"पण एक हाय," महारुद्र म्हणाले. "टाकणारा इथला निघाला, तर साईट कुठलीबी असू द्या, त्याला आपलाच कायदा. कुणावर संशय हाय का?"

सिद्धोधननं मोबाईल खिशात टाकला. हवालदारांचा पेन कागदावर थांबला होता.

तिकडचाच असेल कुणी, तिच्या मनात आलं, तिकडचाच असू दे... आणि मघाशी ज्या परक्या मुलखाच्या नावानं ती बोटं मोडत होती, त्याच्याच आडोशाला आता आपण भावाला लपवायला निघालोय, हे उमगून तिला भावापेक्षा स्वतःचीच जास्त भीती वाटायला लागली.