सपाट छतावरचा रवा

मी एक जुना लाकडी नमुना आहे. नमुना म्हणजे एका गोदामाची छोटी प्रतिकृती. एक भाग उंच, त्याला चिकटून दुसरा बुटका, आणि बुटक्यावर सपाट छत. खरं गोदाम दूर बर्फाच्या देशात उभं राहणार होतं. मला मात्र सिंगापूरमध्ये, पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात, पुण्याच्या अमेयने घडवलं. फार जीव लावून घासलं त्याने मला.

मित्रांनो, त्या ऑफिसात बर्फ पाहिला होता कुणी? फ्रीजमधला! म्हणून छतावर बर्फ कसा साचेल ते बघायला लिटिल इंडियाच्या भारतीय बाजारातून बारीक रवा आणला, माझ्यावर भुरभुरला आणि मला मोठ्या पंख्यासमोर ठेवलं. वाऱ्याने छताचा मोकळा भाग झाडून लख्ख केला आणि तो रवा उंच भिंतीच्या पायथ्याशी, आडोशाला, नेऊन रचला. हातच्या काकणाला आरसा कशाला? चांगला ढीग दिसत होता.

पण आमचे मॅनेजर संजीव सर म्हणाले, "इथली हवा दमट. रव्याचे गोळे झालेत. प्रणिता, सारखा कर बघू."

"सर, रवा भाजून परत करून बघूया का?" अमेयची सहकारी प्रणिता म्हणाली.

"क्लायंट लिफ्टपाशी आलाय. थाप पटकन."

प्रणिताने डब्यातली वाटी घेतली आणि वड्या थापाव्यात तसा रवा छतभर थापला. थर इवलासा दिसला. तेवढंच ओझं पेलेल असं छत बांधायचं ठरलं. प्रणिता गप्प राहिली, कारण सिंगापुरात नोकरी करायचा तिचा परवाना, म्हणजे पास, सरांच्या हातात होता. अमेय त्या दिवशी जुरोंग आयलंडला दुसऱ्या कामावर होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही.

गोदाम बांधून झालं. २०१५च्या हिवाळ्यात ते तपासायला अमेयलाच पाठवलं. तिथल्या वाऱ्याने छतावरच्या बर्फाचं काय केलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. छताचा एक भाग कोसळला आणि अमेय त्याखाली गेला.

शोकसभेला मला पुसून टेबलावर मांडलं. सरांनी माझं कौतुकही केलं. मला त्यांची किळस आली.

अमेयची बायको अश्लेषा माझ्यापाशी आली. "कुठे उभा होता तो?"

"वहिनी, ते अजून आम्हालाही कळलं नाही," सर म्हणाले. "नैसर्गिक आपत्ती. कुणाला कल्पना असणार?"

प्रणिताने मात्र भिंतीच्या पायथ्याशी बोट ठेवलं.

"तुला कसं ठाऊक?" अश्लेषाने विचारलं.

प्रणिताने सरांकडे पाहिलं. "अंदाजाने," ती म्हणाली.

पुढच्याच महिन्यात तिचा पास वाढवून मिळाला.

मी आता अश्लेषाच्या घरी असतो. नवऱ्याच्या हातची वस्तू म्हणून ती रोज माझं छत हळुवार पुसते, भिंतीचा पायथा तर दोनदा पुसते. मला ते सोसवत नाही. मित्रांनो, मला जपू नका. जपायला हवा होता तो अमेय.