सोपं करून सांगितलं

"कुनी कापलां?" मालननं विचारलं.

"कुणी नाही गं. आपोआप," मी म्हटलं.

वैष्णवीच्या पोटातल्या गाठीचा तुकडा संशोधनासाठी मुंबईला गेला होता, त्याचं उत्तर त्या सकाळी आलं होतं. पोर पाच वर्षांची. दोन ऑपरेशनं झाली, औषधांना दाद नाही. आता रत्नागिरीत, आमच्या दवाखान्यात, तिचं दुखणं कमी ठेवायचं एवढंच उरलं होतं. पण तिच्या आईला, मालनला, एकच जाणून घ्यायचं होतं. हे आलं कुठून? कारण सासू कमळाबाई उठताबसता ऐकवायच्या, "आमच्या घराण्यात असलां कायेक नाय."

डॉक्टरांनी तो इंग्रजी कागद माझ्या हातात दिला. "नेत्रा सिस्टर, तुम्हीच सांगा. तुम्हाला छान जमतं." बावीस वर्षं मी हेच करत आले आहे आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता.

तर मी सांगितलं. "आपल्या पेशीत जनुकांची लांबच लांब माळ असते. तिच्यातले काही तुकडे कधीकधी जागा सोडतात. कात्रीनं कापावं तसे सुटतात आणि भलतीकडे जाऊन चिकटतात. पेशीला वाढू नको म्हणणारा एक जनुक असतो, या कापाकापीत नेमका तोच तुटला. हे फक्त गाठीत सापडलंय. तुझ्या रक्तात नाही, तिच्या बापाच्याही नाही. तुमच्याकडून आलेलंच नाही हे."

"कदी झालां ह्यां?"

"नक्की नाही सांगता येत. कदाचित ती पोटात असतानाच."

मालननं मान हलवली. मला वाटलं, सुटली बिचारी. मी चहा प्यायला गेले.

चार दिवसांनी पाहिलं तर वैष्णवीजवळ कमळाबाई बसलेल्या आणि मालन बाहेर, दाराशी, जमिनीवर.

"ती आत का नाही?"

"तिनं सोताच कबूल केलान," कमळाबाई म्हणाल्या. "पोटुशी असताना गिरानात सुरमय कापलीन. आता हात नाय लावायचा पोरीला."

मालन मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी कापून देते. त्या वर्षी नाताळची गर्दी होती, हॉटेलवाल्याला सुरमई लगेच हवी होती आणि त्याच सकाळी सूर्यग्रहण आलं. पोटुशीनं ग्रहणात काही कापू नये, मुलाच्या अंगावर उठतं, हे आमच्याकडे शिकल्यासवरल्यांच्या घरीही पाळतात. तिनं कापली होती. पाच वर्षं कुणाजवळ बोलली नव्हती.

"अगं, ग्रहणाचा काही संबंध नाही!" माझा आवाज चढला.

"तुमीच सांगितलांत ना, सिस्टर? ती पोटात असताना कापलां म्हनून."

"ते कापणं वेगळं गं!"

"कापनां ता कापनांच." ती शांतपणे म्हणाली, "बरां झालां. कळलां तरी."

मी कागद दाखवला. डॉक्टरांना ओढून आणलं. आत्माराम, तिचा नवरा, बोटीवरून आला तेव्हा त्यालाही बसवून समजावलं. मालन सगळं ऐकून घ्यायची, वर मलाच म्हणायची, "तुमचां मन चांगलां." माझ्या जिभेची मला घृणा आली. इतक्या वर्षांत इतकं पटेल असं मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी वैष्णवीचा श्वास बदलला. "आये," ती म्हणाली. मग पुन्हा, "आये."

कमळाबाईंनी पदर तोंडाशी धरला. मग उठून दारात गेल्या. "ये गो आत. घे तिला."

मालन आली, खाटेवर बसली. मी पोर उचलून तिच्या मांडीवर ठेवली. तिनं ती दोन्ही कोपरांमध्ये सांभाळून धरली, पण मुठी घट्ट मिटलेल्या, लेकीपासून लांब.

"मालन, हात फिरव गं तिच्यावरून," मी म्हटलं.

तिनं ऐकलंच नाही. वैष्णवीच्या गालावर माशी बसली. मालन खाली वाकली आणि तिनं ती फुंकरीनं उडवली.