मखराची मागची पाटी

अरे, ऋतुराजने ते थर्माकोलच्या जागी काय बनवलेलं, आठवतंय ना? भाताच्या पेंढ्यात अळंबीचं बी सोडायचं. बुरशी आत पसरते, पेंढा घट्ट धरते, मग भट्टीत भाजलं की बुरशी मरते आणि हलका, पांढरा ठोकळा तयार. बी त्याच्या मैत्रिणीच्या, समिधाच्या कॉलेज लॅबमधलं, भट्टी मानपाड्याच्या एका कारखान्यातली, साचे ऋतूचे. असं तीन ठिकाणचं मिळून काम. आणि पहिलं मखर त्याच्याच घरी, दिवा गावात.

पण मूर्तीमागची मोठी पाटी भट्टीत मावेना. समिधा म्हणाली, "भाजल्याशिवाय लावू नकोस हां." हा म्हणतो, "उन्हात कडक झालीये गं, टेन्शन नको घेऊ."

मग रोजची ओली फुलं, दूर्वा, पाणी. गौरी आल्या त्या दिवशी मी गेलेलो. बघतो तर मूर्तीमागे अळंब्या फुटलेल्या, आणि गणपतीवर पांढरी भुकटी. ऋतूची आई, सरोजकाकू, "विभूती आलीये रे" म्हणत सगळ्यांच्या कपाळाला लावतायत. महिपतकाका मखरासमोरच बसून खोकतायत. केमिकल कंपनीत जन्म काढलेला माणूस, छातीचा आधीच भुगा.

ऋतू पांढराफटक. म्हणाला, "बाबा, ही बुरशीची धूळ आहे, छातीत जाते. आपण मखर काढू."

काका म्हणाले, "बसवलेली मूर्ती विसर्जनाआधी हलवायची नाही. तुझ्या आजोबांनी कधी हलवली नाही."

"मग तुम्ही तरी आतल्या खोलीत बसा."

"देव बाहेर आणि मी आत? शहाणाच आहेस."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांना श्वासच घेता येईना. ऋतूने मूर्ती उचलून स्टुलावर ठेवली, पाटी तोडली, खिडक्या उघडल्या. काका खुर्चीतून नुसते बघत होते, बोलायला दम नव्हता. रिक्षाने कळव्याच्या हॉस्पिटलात नेलं. ऑक्सिजन लावलेला, तरी सकाळी गेले.

घरात सुतक, म्हणून गणपती शेजाऱ्यांनी बोळवला.

काकू सगळ्यांना एकच सांगतात, मूर्ती हलवली म्हणून हे गेले. ऋतूसमोर सांगतात. मी त्याला बोललो, अरे, खरं काय ते सांग तिला. तर म्हणतो, "काय सांगू? हलवली म्हणून नाही, मी बनवलेल्या पाटीने गेले?"

आणि ती भुकटी काकूंनी डबीत भरून देव्हाऱ्यात ठेवलीये. परवा गेलो तेव्हा ऋतूच्या कपाळाला लावलेली होती. आणि काकू आतून खोकत होत्या.