पिंजऱ्याच्या पोटातलं पाणी

मला शोधू नका, दिसणार नाही. पाण्याचा एक कण मी. जळगावच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या दिपमालाच्या बाटलीत राहतो.

दिपमालाने पाण्यात दोन पावडरी टाकल्या, ऊब दिली, आणि त्यांचे कण आपले आपणच एकमेकांना जोडत गेले. ना खिळा, ना वेल्डिंग. डोळ्याला न दिसणारे इवले इवले पिंजरे तयार झाले. त्यातला एक नेमका माझ्याभोवतीच जमला. आम्ही मूठभर कण आत सापडलो.

बाहेर होतो तेव्हा चारी बाजूंनी आपल्या माणसांचे हात धरलेले असायचे. आतल्या भिंती तेलकट, पाण्याला हात देत नाहीत. फटी होत्या, निसटता आलं असतं. पण आतली जागा ओस राहत नाही ना! माझ्या जागी कुणीतरी बसायला हवं. फटीतून आपली माणसं दिसायची आणि जीव नुसता तुटायचा.

दिपमालाचं तरी काय वेगळं होतं? तिची वर्षभराची लेक मोहिनी फैजपूरला, आजीपाशी. आजी, म्हणजे दिपमालाची आई झुंबरबाई, फोनवर म्हणायची, "कधी येशीन व? पोरगी मलेच आई म्हनाले लागली."

"काम जमलं की येते नं आई."

फोन ठेवला की ती बाटलीकडे बघत बसायची. पोर जेवली असेल का, अंग गरम तर नसेल, आणि आपल्यालाच विसरली तर?

काम असं, की केळ्याच्या वासाचा कण पिंजऱ्यात शिरून आत टिकला पाहिजे. आधी ती हे पाण्याऐवजी स्पिरिटमध्ये करायची. जमेचना. तिचे मार्गदर्शक हितेंद्रसर वैतागले, "आत रिकामं आहे, तरी जात नाही म्हणजे काय?"

"रिकामं नसणार सर. स्पिरिट ऐसपैस बसलं असेल, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं. ते कशाला उठतंय?"

सर हसले. "मग कुणाला बसवतेस?"

"ज्याला आत करमणार नाही, त्याला. पाण्याला."

म्हणून आम्ही आलो.

आज तिने वासाचा थेंब सोडला. वासाचा कण तेलकट जातीचा, त्याला पाण्यात चैन पडेना. तो फटीशी आला, तेलकट भिंती बघून आत घुसला, आणि आम्ही सगळे एकदमच बाहेर पडलो. यंत्राच्या पडद्यावरची रेघ सरकली, वास आत बसल्याची खूण.

"जमलं की गं! पुन्हा एकदा करून बघ," सर म्हणाले.

"बघते सर. पण आधी फैजपूर."

"जा बाई, जा."

अ‍ॅप्रन खुर्चीवर टाकून ती पळालीच.

मी माझ्या माणसांत आलो. पण बाटलीला बूच आहे, प्रयोगशाळेबाहेरचं काही कळत नाही. तुम्ही फैजपूरकडून येत असाल तर घडीभर इथे थांबा. एवढंच सांगून जा, आजीच्या कडेवरून पोरगी दिपमालाकडे झेपावली का?