एकमताने भरलेले तीस फॉर्म

झुंबर निकम सातपूरच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होते, त्यातली वीस वर्षं युनियनचे सेक्रेटरी. त्यामुळे शेजारची चैताली मानसशास्त्राच्या पीएचडीसाठी फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली, "काका, बायको गेलेल्या तीस माणसांकडून भरून द्या, नाहीतर माझं अडेल," तेव्हा त्यांनी जुन्या कामगारांपैकी, स्वतःला धरून, तीस विधुर जमवले आणि बागेत सभाच घेतली.

"पोरीची परीक्षा आहे. कुणी वेडंवाकडं लिहायचं नाही."

"मला झोप लागत नाही, ते लिहू का?" नवनाथने विचारलं.

"दुपारी बारा पोळ्या खाऊन घोरतोस. गप बस."

प्रत्येक प्रश्नावर हात वर करून मत घेतलं. एकटं वाटतं का? थोडंफार. घरात एकटेच बोलता का? कधीच नाही, शेवटी इभ्रतीचा प्रश्न होता. तीसही फॉर्म एकसारखे भरले गेले.

चार दिवसांनी चैताली रडवेली होऊन आली. "काका, आमच्या वत्सला मॅडम म्हणतात, हे मीच घरी बसून भरलं. तीस माणसं इतकी सारखी नसतात म्हणे."

"आमच्यात असतात. संपातही सारखेच होतो."

"सोमवारपर्यंत खरे फॉर्म नाही दिले तर माझा विषयच रद्द होईल."

शनिवारी सगळे तिच्या विभागात हजर झाले. मॅडमनी एकेकाला लांब लांब बसवलं. तरी नवनाथची मान पुढच्या बाकाकडे वळलेलीच.

"आजोबा, स्वतःचं लिहा."

"त्याची बायको माझ्या बायकोच्या आधी गेली, मॅडम. त्याला जास्त माहीत."

झुंबरराव मात्र त्याच प्रश्नावर अडले. घरात एकटेच बोलता का? सकाळीच भाजी ढवळताना ते म्हणाले होते, "विमल, मीठ जास्त झालं बघ." मग तिच्या वतीने स्वतःला झापलंही होतं. त्यांनी 'रोज'वर खूण केली, ती खोडली आणि हात वर केला.

"मॅडम, गेलेल्या बायकोशी भांडणं हे एकट्याचं बोलणं धरायचं का?"

एकेक करत बाकीचे एकोणतीस हात वर गेले. सगळ्यांना तेच विचारायचं होतं.

मॅडमनी त्या हातांवरून नजर फिरवली. "चैताली, हा प्रश्न तुझ्या फॉर्ममध्ये का नाही?"

"सुचलाच नाही, मॅडम."

"आता घाल. विषय राहू दे."

हात खाली आले. नवनाथचा तेवढा वरच होता.

"पोळ्यांचं कुठं लिहायचं?"